बटण दाबलं, पण पोचलं काय? टर्मिनलमधलं इनपुट तपासायची रीत

कंट्रोल धरून उजवा बाण दाबला की कर्सर एक शब्द पुढं जायला हवा, पण प्रॉम्प्टवर ;५सी अशी अक्षरं उमटतात. होम दाबलं तर नुसतं ~ दिसतं. बॅकस्पेस दाबलं की खोडलं जाण्याऐवजी ^एच लिहिलं जातं. नवखा माणूस अशा वेळी इंटरनेटवरून सेटिंगच्या दहा ओळी उचलून बॅश शेलच्या .बॅशआरसी या फाइलमध्ये चिकटवतो. त्यातली एखादी लागू पडते, उरलेल्या नऊ पुढं कधीतरी नडतात. सेटिंगला हात लावायच्या आधी एकच गोष्ट बघायची असते: बटण दाबल्यावर प्रोग्रामपर्यंत नेमके कोणते बाइट पोचले? ते बघायला दोन मिनिटं पुरतात.

वाचण्यापूर्वी एक खूण. कमांड टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करायच्या. इथं त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत आणि जिथं स्पेलिंगचा घोळ होईल तिथं अक्षरं सुटी करून सांगितली आहेत. सिक्वेन्समधलं रोमन अक्षर मोठं समजावं. लहान असेल तिथं तसं लिहिलं आहे. आकडे टाइप करताना इंग्रजी आकडेच वापरायचे.

बटण प्रोग्रामला दिसतच नाही

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामला ‘वरचा बाण’ नावाची वस्तू ठाऊक नसते. कीबोर्डचा संदेश आधी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, आणि तिथून विंडो सिस्टिमकडे जातो. मग टर्मिनल इम्युलेटर, म्हणजे ग्नोम टर्मिनल, कॉन्सोल, एक्सटर्म यांपैकी जे वापरत असाल ते, त्या बटणाचे बाइट बनवतो. हे बाइट स्यूडो टर्मिनलमधून कर्नलच्या टीटीवाय थरात जातात, तिथं काहींवर प्रक्रिया होते, आणि उरलेले शेलला, म्हणजे कमांड वाचणाऱ्या बॅशसारख्या प्रोग्रामला, मिळतात. मध्ये टीमक्स किंवा स्क्रीन (एका टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारे प्रोग्राम) असेल तर आणखी एक थर. प्रत्येक थर काही बाइट गिळू शकतो, काही बदलू शकतो. तपासणी म्हणजे कोणत्या थरानं काय केलं ते शोधणं.

साध्या अक्षराचा एकच बाइट असतो: लहान ए म्हणजे ९७. विशेष बटणांसाठी मात्र अनेक बाइटांची माळ जाते आणि ती बहुतेक वेळा २७ या बाइटनं सुरू होते. हाच एस्केप. पडद्यावर तो ^[ असा लिहितात, ऑक्टलमध्ये ०३३, हेक्समध्ये १बी. वरचा बाण म्हणजे २७ ९१ ६५, अर्थात एस्केप, चौकोनी कंस आणि ए. ही पद्धत डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या १९७८ मधल्या व्हीटी१०० टर्मिनलमुळे रुळली आणि आजचे इम्युलेटरही अजून त्याचीच नक्कल करतात.

पहिली नजर: कॅट -व्ही

सी-ए-टी, जागा, वजा, लहान व्ही. एंटर. आता वरचा बाण दाबा. ^[[ए असं दिसेल. एंटर दाबलं की तेच पुन्हा खाली छापलं जाईल. पहिली प्रत कर्नलच्या इको सोयीनं दाखवलेली, दुसरी कॅटनं. नुसतं कॅट वापरलं तर दुसऱ्या प्रतीत खराखुरा एस्केप पडद्याकडे जातो, टर्मिनल तो आज्ञा समजून पाळतो आणि कर्सर वर उडी मारतो. -व्ही लावल्यामुळे अदृश्य बाइट दिसणाऱ्या खुणांत बदलतात. बाहेर पडायला कंट्रोल-सी.

मॅकवर आणि विंडोजमधल्या लिनक्सवरही ही कमांड चालते, म्हणून सुरुवात इथूनच करावी. बॅश किंवा झेडशेलच्या प्रॉम्प्टवर आणखी झटपट उपाय आहे: कंट्रोल-व्ही दाबा, मग हवं ते बटण. शेल त्या बटणाचा अर्थ न लावता बाइट तसेच लिहून दाखवतो. विम या एडिटरच्या इन्सर्ट मोडमध्येही हेच चालतं. मात्र काही टर्मिनलांत, विशेषतः विंडोजवर, कंट्रोल-व्ही पेस्टसाठी राखीव असतं. तिथं कॅटच बरं. फिश शेलमध्ये यासाठी ‘फिश_की_रीडर’ नावाचा स्वतंत्र प्रोग्राम आहे. तो बाइंड करायची, म्हणजे बटणाला काम जोडायची, ओळसुद्धा तयार करून देतो.

बटण दाबूनही काहीच उमटत नसेल तर शेलमध्ये शोधत बसू नका. बाइट तयारच झालेले नाहीत. अनेक टर्मिनलांत एफ११ पूर्ण पडदा करतं, काहींत एफ१० मेनू उघडतं, आणि कंट्रोल-ऑल्ट-बाण डेस्कटॉपच वर्कस्पेस बदलायला खाऊन टाकतो. खात्री करायला विंडो सिस्टिम एक्स११ असेल तर एक्स-ई-व्ही, वेलँडवर डब्ल्यू-ई-व्ही चालवा. त्यांच्या खिडकीत बटणाची घटना दिसली आणि टर्मिनलमध्ये बाइट आले नाहीत, तर अडथळा टर्मिनलच्या शॉर्टकटमध्ये आहे. तिथंही दिसली नाही तर डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये, किंवा खुद्द कीबोर्डमध्ये. लॅपटॉपवर एफएन-लॉक हा नेहमीचा संशयित.

कॅट कुठं कमी पडतं

कॅट चालू असताना कंट्रोल-सी, कंट्रोल-झेड, कंट्रोल-डी, बॅकस्पेस यांचे बाइट दिसत नाहीत, कारण टीटीवाय थर ते स्वतःच वापरतो. कोणतं बटण कशासाठी राखलंय ते एस-टी-टी-वाय (पुढं हिलाच ‘स्टी’ म्हटलं आहे) वजा लहान ए दाखवतं: इंटर = ^सी, इरेज = ^?, सस्प = ^झेड, स्टॉप = ^एस, स्टार्ट = ^क्यू. पडदा ‘हँग’ झाल्याची निम्मी तक्रार इथंच सुटते. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं आणि कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं सुरळीत होतं. पडदा थांबवायची ही सोय कधीच लागत नसेल तर ‘स्टी’ कमांडला वजा आयएक्सऑन द्यावं.

हे राखीव बाइटही बघायचे तर लिनक्सवर शोकी -ए: एस-एच-ओ-डब्ल्यू-के-ई-वाय, वजा, लहान ए. बहुतेक वितरणांत ते केबीडी पॅकेजमध्ये येतं. प्रत्येक बाइट वेगळ्या ओळीवर, दशमान, ऑक्टल आणि हेक्समध्ये दिसतो. कंट्रोल-सी दाबलं तर ३ दिसेल आणि प्रोग्राम बंद पडणार नाही. बाहेर पडायला कंट्रोल-डी. वजा ए विसरलात तर ते कर्नलचे कीकोड मागायला जातं आणि ग्राफिकल टर्मिनलमध्ये कन्सोल मिळाला नाही म्हणून तक्रार करतं.

शोकी नसेल, उदाहरणार्थ मॅकवर, तर ही तीन तुकड्यांची ओळ कामी येते. तुकडे अर्धविरामानं जोडायचे:

स्टी रॉ -इको मिन ० टाइम ३०
डीडी बीएस=६४ काउंट=१ | ओडी -एएन -टीयू१
स्टी सेन

‘ओडी’च्या पर्यायांत ए मोठा, बाकी सगळं लहान. सेन म्हणजे एस-ए-एन-ई. मिन ० आणि टाइम ३० याचा अर्थ असा की तीन सेकंद वाट बघायची आणि काही आलं नाही तर आपणहून परतायचं. हा भाग गाळू नका. रॉ मोडमध्ये कंट्रोल-सी चालत नाही, आणि वेळेची मर्यादा नसेल तर नवख्याला टर्मिनल बंद करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एकाच वाचनात ६४ बाइटपर्यंत घेतले जातात, त्यामुळे एका बटणाची पूर्ण माळ बहुधा एकदमच मिळते. छापलेले आकडे दशमान असतात. डीडी आपला हिशेबही दोन-तीन ओळींत छापतो. तो सोडून द्यायचा.

मधेच काही बिनसलं, टाइप केलेलं दिसेनासं झालं, एंटरनं काहीच होईना, तर न बघता ‘स्टी सेन’ टाइप करून एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबा. एंटर १३ हा बाइट पाठवतं आणि एरवी कर्नल त्याचा १० करतो. ते रूपांतर बंद पडलेलं असतं, म्हणून थेट १० पाठवायचा.

माळ वाचायची कशी

कंट्रोल आणि अक्षर यांचा हिशेब सोपा आहे: अक्षराच्या आस्की क्रमांकातले खालचे पाचच बिट ठेवायचे. त्यामुळे कंट्रोल-ए म्हणजे १, कंट्रोल-सी म्हणजे ३. याच हिशेबानं कंट्रोल-आय म्हणजे ९, तेच टॅब. कंट्रोल-एम १३, तेच एंटर. कंट्रोल आणि [ म्हणजे २७, तेच एस्केप. शिफ्टची नोंद होतच नाही, म्हणून जुन्या पद्धतीत कंट्रोल-शिफ्ट-ए आणि कंट्रोल-ए एकच. ‘कंट्रोल-आय ला वेगळं काम द्यायचंय, टॅब तसाच ठेवून’ असं कुणी विचारलं तर उत्तर हेच: बाइट एकच असेल तर प्रोग्राम फरक करणार कसा?

ऑल्ट आणि अक्षर म्हणजे आधी २७, मग ते अक्षर. ऑल्ट-बी: २७ ९८. एस्केप दाबून लगेच लहान बी दाबलं तरी हेच दोन बाइट. दोन्हींतला फरक फक्त वेळेचा. पुढं येणारी दिरंगाईची सगळी भानगड इथून निघते.

विशेष बटणांत दोन घराणी दिसतात. एकात शेवटी अक्षर असतं: बाण ^[[ए, ^[[बी, ^[[सी, ^[[डी हे अनुक्रमे वर, खाली, उजवा, डावा, होम ^[[एच, एंड ^[[एफ. दुसऱ्यात आकडा आणि ~ असतो: इन्सर्ट २, डिलीट ३, पेजअप ५, पेजडाउन ६, म्हणजे डिलीट ^[[३~. एफ१ ते एफ४ चा थाट निराळा, कारण ते व्हीटी१०० च्या पीएफ१ ते पीएफ४ या चार बटणांचे वारस: ^[ओपी, ^[ओक्यू, ^[ओआर, ^[ओएस. एफ५ पासून १५~, मग १७, १८, १९, २०, २१, आणि एफ११ साठी २३, एफ१२ साठी २४. १६ आणि २२ गायब आहेत हे बघून आपलं टर्मिनल बिघडलंय असं समजू नका. व्हीटी२२० च्या कीबोर्डवर ही बटणं गटागटानं होती आणि गट बदलताना एक क्रमांक सोडलेला आहे.

शिफ्ट, ऑल्ट, कंट्रोल बरोबर असतील तर माळेत आणखी एक आकडा येतो. १ मध्ये शिफ्टसाठी १, ऑल्टसाठी २, कंट्रोलसाठी ४ मिळवायचे. कंट्रोल-उजवा बाण ^[[१;५सी, शिफ्ट-वरचा बाण ^[[१;२ए, कंट्रोल-शिफ्ट म्हटलं की ६, कंट्रोल-डिलीट ^[[३;५~. सुरुवातीला सांगितलेलं ;५सी हे याच माळेचं शेपूट: शेलनं ओळखीचा नसलेला पुढचा भाग गिळला आणि उरलेली अक्षरं साधा मजकूर समजून लिहिली.

सगळीच टर्मिनलं हे नियम पाळत नाहीत. लिनक्सच्या मजकुरी कन्सोलवर, जिथं कंट्रोल-ऑल्ट-एफ३ नं पोचतो, एफ१ म्हणजे ^[[[ए, कंस एक जास्त. तिथं होम ^[[१~ आणि एंड ^[[४~. आरएक्सव्हीटी घराण्यात हेच ७~ आणि ८~.

एकाच बाणाचे दोन अवतार

कॅटमध्ये वरचा बाण ^[[ए दिसतो, टर्मइन्फोमध्ये, म्हणजे कोणतं टर्मिनल काय पाठवतं याच्या नोंदवहीत, मात्र वेगळंच लिहिलेलं असतं. ‘इन्फोसीएमपी -१’ चालवून त्यात केसीयूयू१ शोधा. एक्सटर्म-२५६कलर साठी \ईओए येईल (\ई म्हणजे एस्केप), म्हणजे चौकोनी कंसाऐवजी ओ. दोन्ही खरं आहे. टर्मिनलला ^[[?१ आणि लहान एच पाठवलं की बाण ‘ॲप्लिकेशन’ अवस्थेत जातात आणि ^[ओए पाठवू लागतात, ^[[?१ आणि लहान एल पाठवलं की पूर्ववत. विम उघडताना पहिली आज्ञा देतो, बंद होताना दुसरी. डोळ्यांनी बघायचं तर ‘स्क्रिप्ट’ कमांडनं सत्र फाइलमध्ये नोंदवा, त्यात विम उघडून बंद करा, एक्झिट करा आणि ती फाइल कॅट -व्हीनं वाचा.

झेडशेलच्या अनेक तयार सेटिंग्ज प्रॉम्प्ट आला की ॲप्लिकेशन अवस्था चालू करतात आणि कमांड सुटताना बंद करतात. त्यामुळे कंट्रोल-व्ही नं एक माळ दिसते आणि कॅटमध्ये दुसरी. शेलचं बाइंडिंग करताना प्रॉम्प्टवरच दिसलेली माळ धरावी. सावधपणा हवा तर दोन्ही माळा बांधून टाकाव्यात.

दुरुस्ती

बॅशमध्ये आधी तात्पुरतं करून बघा: बाइंड '"\ई[१;५सी": फॉरवर्ड-वर्ड'. \ई मधला ई लहान, शेवटचा सी मोठा, आणि अवतरणांची दुहेरी जोडी आवश्यक. चाललं तर बाइंड आणि बाहेरची अवतरणं सोडून उरलेलं .इनपुटआरसी या फाइलमध्ये टाका. कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर दाबलं की ती पुन्हा वाचली जाते. पडद्यावरचं ^[ या फाइलमध्ये तसंच उतरवलं तर ते टोपीचं चिन्ह आणि कंस अशी दोन साधी अक्षरं ठरतं, एस्केपसाठी \ई च लिहायला हवं. झेडशेलचं उलट: तिथं ‘बाइंडकी '^[[१;५सी' फॉरवर्ड-वर्ड’ मध्ये ^[ चालतं, पण झेडशेल .इनपुटआरसी वाचतच नाही. मॅकवर आता मूळ शेल झेडशेल असल्यानं यात बरेच जण अडकतात.

बॅकस्पेसचं दुखणं शेलचं नसतं. टर्मिनल १२७ पाठवतं की ८, आणि ‘स्टी -ए’ मध्ये इरेज काय आहे, एवढं जुळवायचं. पडद्यावर ^एच उमटत असेल तर टर्मिनल ८ पाठवतंय आणि कर्नल १२७ ची वाट बघतोय. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये बदल करणं उत्तम. दूरच्या जुन्या मशीनवर तेवढ्यापुरतं ‘स्टी इरेज’ लिहून, कंट्रोल-व्ही दाबून, बॅकस्पेस दाबायचं आणि एंटर.

टीमक्सच्या आत होम दाबलं तर ^[[१~ दिसेल, बाहेर ^[[एच. टीमक्स बाहेरच्या टर्मिनलची माळ वाचतो आणि आत स्वतःची पाठवतो, म्हणून टर्मिनलचा प्रकार सांगणारा आतला टर्म हा चल टीमक्स-२५६कलर किंवा स्क्रीन-२५६कलर असाच हवा. .बॅशआरसी मध्ये टर्म=एक्सटर्म-२५६कलर असं सक्तीनं लिहिणं हा इंटरनेटवरचा सर्वांत पसरलेला चुकीचा सल्ला म्हणावा लागेल; रंग दिसतात, पण आतल्या प्रोग्रामला चुकीच्या टर्मिनलचा नकाशा हातात मिळतो. दूरच्या मशीनला टीमक्स-२५६कलर ठाऊकच नसेल तर इथली नोंद ‘इन्फोसीएमपी -एक्स’ नं काढून तिथल्या ‘टिक -एक्स’ ला द्यायची, किंवा तेवढ्यापुरता टर्म स्क्रीन-२५६कलर करायचा.

आता एस्केपची दिरंगाई. २७ आल्यावर हे एकटं एस्केप आहे की माळेची सुरुवात, हे ठरवायला प्रोग्राम थोडं थांबतो. बॅशसाठी ओळ वाचणारी रीडलाइन लायब्ररी ५०० मिलिसेकंद, झेडशेल ४००, मजकुरी पडदे रंगवणारी एनकर्सेस लायब्ररी पूर्ण १०००. टीमक्स पूर्वी ५०० थांबायचा, ३.५ आवृत्तीपासून मूळ मूल्य १० आहे. विममध्ये एस्केप दाबून लगेच मोठा ओ दाबला की अडखळल्यासारखं होतं, कारण ^[ओ ही एफ१ वगैरेंची सुरुवात आहे. विममध्ये टीटाइमआउटलेन ५० च्या आसपास, जुन्या टीमक्समध्ये एस्केप-टाइम १० ते २० ठेवा. शून्य मात्र नको. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एसएसएच केलं, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन केलं, की माळेचे बाइट तुटक येऊ शकतात, मग बाण दाबला की एस्केप वेगळा धरला जातो आणि [ए मजकुरात घुसतं.

न टाइप केलेला कचरा

काही बाइट कीबोर्डवरून नव्हे, तर टर्मिनलकडून उत्तर म्हणून येतात. प्रोग्रामनं ^[[६ आणि लहान एन पाठवून कर्सर कुठं आहे असं विचारलं की टर्मिनल ^[[२४;१आर असं ओळ-रकाना सांगणारं उत्तर इनपुटमध्येच टाकतं. विचारणारा आधीच बंद पडला असेल तर ते प्रॉम्प्टवर सांडतं. कॅटनं चुकून बायनरी फाइल उघडल्यावर १;२ आणि लहान सी असं काही दिसतं, तेही असंच: फाइलमधल्या बाइटांनी टर्मिनलला त्याची ओळख विचारली होती.

माउस हलवला किंवा क्लिक केलं की ०;३४;१२एम छापलं जातं? एसएसएच तुटताना पलीकडच्या प्रोग्रामला माउसची नोंद बंद करायला वेळ मिळाला नाही. खिडकी बदलताच ^[[आय आणि ^[[ओ दिसत असेल तर फोकसची नोंद, म्हणजे ?१००४, चालू राहिली आहे. पेस्ट केलेल्या मजकुराच्या आधी २००~ आणि नंतर २०१~ येत असेल तर ब्रॅकेटेड पेस्ट, ?२००४. बॅश ५.१ पासून ती मुळातच चालू असते आणि बॅशला ही खूण कळते, म्हणून तो कचरा दिसतो तो ती चालू राहून गेली असताना, ही खूण न कळणाऱ्या प्रोग्राममध्ये. बंद करायची रीत सर्वांची एकच: प्रिंटएफ '\०३३[?२००४एल', एल लहान, आकडा प्रसंगानुसार. माउससाठी १०००, १००२, १००३ आणि १००६ चारही बंद करा. फार पसारा झाला असेल तर ‘रीसेट’.

कंट्रोल-सी दाबल्यावर ^[[९९;५ आणि लहान यू दिसलं तर एखादा आधुनिक प्रोग्राम किटी या टर्मिनलचा कीबोर्ड प्रोटोकॉल चालू ठेवून मेला आहे. या प्रोटोकॉलमध्ये बटणाचा क्रमांक आणि जोडबटणं स्पष्ट जातात, त्यामुळे टॅब आणि कंट्रोल-आय अखेर वेगळे ओळखता येतात. पण तो कळणारा प्रोग्राम समोर हवा. परत यायला प्रिंटएफ '\०३३[<यू', यू लहान.

देवनागरी टाइप करताना

मराठी लेआउट लावून कॅट -व्ही मध्ये क टाइप करा आणि एंटर दाबा. वरच्या ओळीत क, खाली एम-`एम-$एम-^यू असलं काहीतरी दिसेल. घाबरायचं कारण नाही. क म्हणजे यूटीएफ-८ मध्ये २२४ १६४ १४९ हे तीन बाइट, आणि कॅट १२७ च्या पुढच्या बाइटातून १२८ वजा करून आधी एम- लावतो. म्हणून देवनागरीसाठी वरची ओडीची पद्धत जास्त वाचनीय. ‘कि’ टाइप केलं तर एकूण सहा बाइट: क चे तीन आणि वेलांटीचे २२४ १६४ १९१.

कॅटसारख्या साध्या प्रोग्राममध्ये ‘कि’ वर एकदा बॅकस्पेस दाबलं तर फक्त वेलांटी जाते, दुसऱ्यांदा क. हे बरोबरच आहे. कर्नल कोडपॉइंट मोजतो, अक्षर नव्हे. पण एक क खोडायला तीनदा बॅकस्पेस लागत असेल तर ‘स्टी -ए’ मध्ये आययूटीएफ८ च्या आधी वजा आहे का ते बघा आणि ‘स्टी आययूटीएफ८’ द्या.

इनस्क्रिप्ट लेआउट चालू असताना कंट्रोल-सी दाबलं तर काही टर्मिनलं त्याच बटणाचं रोमन अक्षर शोधून ३ पाठवतात, काही पाठवत नाहीत. शोकी -ए मध्ये ३ दिसला नाही तर रोमन लेआउट यादीत आहे ना हे तपासा. नसेल तर टर्मिनलला शोधायला अक्षरच उरत नाही. आयबस या टायपिंग सोयीवरून फोनेटिक टाइप करत असाल तर शब्द पक्का होईपर्यंत एकही बाइट टर्मिनलमध्ये येणार नाही. अशा वेळी शोकीनं दहा सेकंद काही छापलं नाही म्हणून कीबोर्डला दोष देऊ नका. आधी स्पेस किंवा एंटर दाबून शब्द सोडा, मग बाइट एकदम धडाधड येतील.